मळ्याची झोप

पणजी ही राजधानी आहे, हे आम्हा पणजीकरांना दुपारी एक ते चार आठवत नाही. त्या वेळात मंत्री जरी दारात आला तरी त्याला बंद फळ्या दिसतात. राजधानी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रुंद रस्ते आणि गाड्यांचे ताफे येतात. आमच्या राजधानीत सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव विकतो, विधानसभा नदीपलीकडे पर्वरीच्या डोंगरावर आहे, आणि मांडवीत नांगरलेल्या बोटींवर रात्रभर जुगार चालतो. कायदे पलीकडे, पत्ते अलीकडे, मधे आम्ही. हसायचं असेल तर हसा. मी या गावात एकसष्ट वर्षं काढली आहेत आणि दुसरीकडे मला झोप येत नाही.

मी वृंदा लोटलीकर. मळा या पणजीच्या जुन्या वाड्यात, ओरेंच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर माझं चष्म्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकान सासऱ्यांनी काढलं, नवऱ्याने वाढवलं, आणि तो गेल्यावर गेली चौदा वर्षं मी चालवते. माणसाला समोर बसवून खालची ओळ वाचायला लावायची सवय लागल्यामुळे की काय, मला कोणाचंही बोलणं पहिल्या झटक्यात खरं वाटत नाही.

दोन हजार त्रेचाळीसच्या आषाढी अमावास्येला माझ्या दुकानात कमरेइतकं पाणी आलं. त्या पावसाळ्यातली ती तिसरी खेप. दोनशे फ्रेमा, भिंगांचे सगळे खण आणि नंबर काढायचं नवंकोरं यंत्र चिखलात गेलं. पाणी तीन तास राहिलं आणि मुकाट निघून गेलं. दुसऱ्या दिवशी जलनियंत्रण मंडळाचा माणूस दारावर कागद चिकटवून गेला. एका पावसाळ्यात चार वेळा पाणी धरलं तर मळा कायमचा ‘जलधारण क्षेत्र’ ठरणार होता. म्हणजे घरं रिकामी करायची, डोंगरावर फ्लॅट घ्यायचा आणि आमच्या गल्लीचा तलाव होऊ द्यायचा. तीन वेळा झाल्या होत्या. चौथी वेळ श्रावणी पुनवेला येणार, हे कोणालाही दिसत होतं.

माझी मुलगी ईशानी त्याच मंडळात इंजिनिअर आहे. ती पर्वरीला राहते. त्या संध्याकाळी ती आली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्याबरोबर चिखल काढला, आणि मग हात धुता धुता म्हणाली,

“आई गो, तू ये माझ्याकडे. फ्लॅटला नको म्हणू नकोस.”

“आधी मला सांग, दर खेपेला मळाच का? पणजी काय एवढीशीच आहे?”

तिने सांगितलं. तिचं सांगणं चांगलं असतं, बापावर गेली आहे. समुद्र माझ्या लहानपणापेक्षा वीतभर चढला आहे. मोठी भरती आली की मंडळ खाड्यांच्या तोंडांवरची दारं लावून घेतं, म्हणजे समुद्र आत येत नाही. पण त्याच वेळी पाऊस कोसळत असला तर शहरातलं पाणीही बाहेर जात नाही. ओहोटी लागून दारं उघडेपर्यंत ते कुठेतरी ठेवावं लागतं. सगळीकडे पसरू दिलं तर घोट्याइतकं साचतं, पण सगळं शहर अडतं. एका सखल भागात सोडलं तर तिथे कमरेइतकं होतं, बाकीची पणजी कोरडी राहते. कुठे सोडायचं ते यंत्र ठरवतं. जिथे नुकसान कमी, तिथे.

“आणि माझं नुकसान कमी आहे हे त्याला कोण सांगतं?”

“ते ऐकतं,” ती म्हणाली.

यंत्राचं सरकारी नाव ‘नगरश्रवण’, गावात त्याला नुसतं ‘कान’ म्हणतात. इंटरनेटसाठी रस्त्यांखाली काचेच्या केसासारख्या तारा घातलेल्या आहेत. त्यांतून लेझरचा झोत सोडला की काचेतल्या बारीकसारीक दोषांवर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. वरून माणूस चाललं, गाडी गेली, मिक्सर फिरला की जमीन हलते, तार किंचित ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते. दर दोन मीटरवर एक कान असल्यासारखंच. कोणाचा चेहरा दिसत नाही, बोलणं कळत नाही, फक्त हालचाल कळते. जिथे हालचाल जास्त तिथे जीव जास्त, व्यवहार जास्त, असा हिशेब.

“आणि मळ्यात हालचाल नाही?”

ईशानीने फोनवर नकाशा उघडला. सगळी पणजी लाल-पिवळी झगमगत होती आणि आमचा मळा राखाडी होता. “हे बघ. पाणी सोडायच्या तासांत तुमच्याकडे स्मशानासारखं असतं. आकडे काय कोणाचे पाहुणे लागत नाहीत, आई.”

मला राग आला. आमच्या चार गल्ल्यांत साडेतीनशे माणसं राहतात, आणि त्यातली निम्मी तिला नावाने ओळखतात.

शेजारचे आवेलिनबाब तेवढ्यात पावांची पिशवी घेऊन आले होते. चिखलामुळे त्या दिवशी कोणाची चूल पेटली नव्हती. चाळीस वर्षं बेतीची फेरीबोट चालवलेला माणूस, आता पंचाहत्तरीला आला आहे. ते दारातच उभं राहून ऐकत होते.

“बाय, हें उदक सोडतात कितल्या वरांचेर?”

“दारं नऊला लावतात,” ईशानी म्हणाली. “प्रस्ताव पावणेएकच्या सुमाराला येतो. पाणी एक ते चार.”

“दर खेपेक तेंच?”

“जवळजवळ.”

आवेलिनबाब हसायलाच लागले. खोकला येईपर्यंत हसले. “तिथीक पावणपट कर गो! पुनवेचे पंदरा, पावणपट केल्यार सवाइकरा. पुनव, उमास, मोठी भरती सदांच इकरा-बाराक येता. आमचो फेरीचो भुरगोय सांगतलो. मागीर दार उगडासर एक ते चार. आनी एक ते चार मळो कितें करता?”

ईशानीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ती याच घरात वाढली होती. एक वाजता फळ्या लावायच्या, हुमण-भात जेवायचं, पंख्याखाली आडवं व्हायचं, चारला चहा. दहा वर्षांत तिची ती सवय सुटली होती, एवढंच.

“निजतो,” ती हळूच म्हणाली.

मोठी भरती चंद्रामुळे येते आणि दर मोठ्या भरतीला घड्याळात तीच वेळ असते. ते यंत्र ज्या परदेशी शहरांत शिकलं, तिथे दुपारी दोनला सगळ्यात जास्त वर्दळ असते. कोणी दुपारी तीन तास हलत नसेल तर तिथे कोणी नाही, असं ते समजून बसलं होतं. माझ्या लेकीने आणि तिच्या सगळ्या हुशार सहकाऱ्यांनी चार वर्षं त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण त्या वेळेला ते स्वतः एसी लावून जागे असत.

तिने दुसऱ्याच दिवशी वर कळवलं. मुख्य अभियंता राजाध्यक्ष यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं की फेरतपासणीला वर्ष लागेल. पुनव तेरा दिवसांवर होती. तेव्हा ईशानीने मला आडमार्ग सुचवला. “कान मागच्या पंधरा दिवसांची सरासरी धरतो, ताज्या दिवसांना जास्त वजन देतो. दुपारी चाला. सगळ्यांनी. मी सांगितलं असं कोणाला सांगू नकोस.”

आम्ही चाललो. काय सांगू, पाय ओढत चाललो. दुपारी एकला जेवून अख्खा मळा छत्र्या घेऊन रस्त्यावर, अंगावर पाऊस आणि डोळ्यांवर झापड. बायकांनी उखळं बाहेर काढून रिकामीच कांडली. आवेलिनबाब भिंतीला टेकून एकाच जागी पाय आपटत आणि उभ्या उभ्या घोरत. तिसऱ्या दिवसापासून गल्लीत भांडणं सुरू झाली. चाळीस वर्षं एकमेकांशी गोड बोलणारी माणसं संध्याकाळी पाच वाजता एकमेकांच्या आईबापांपर्यंत जायला लागली. मी एका गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला दिला. पण नकाशावर आमचा मळा आधी पिवळट झाला, मग पिवळा झाला.

पुनवेच्या तीन दिवस आधी ईशानीचा फोन आला. तिचा आवाज मोकळा होता. “आई, सुटलात तुम्ही. मळा यादीत नाही.”

“मग पाणी कुठे जाईल?”

“बांदावरच्या वस्तीत. तुमच्यानंतर तेच सगळ्यात शांत आहेत.”

मी फोन ठेवला. बांदावरच्या वस्तीत कोण राहतं हे मला ठाऊक होतं. जुगाराच्या बोटींवर पत्ते वाटणारी, ग्लास धुणारी, पायऱ्यांवर हसत उभी राहणारी पोरं-पोरी. दार्जिलिंगची दिलमाया जूनमध्ये माझ्याकडे नंबर काढायला आली होती. दिव्यांमुळे डोळे चुरचुरतात म्हणाली. मी तिला झोप होते का विचारलं, तेव्हा तिने पणजीत शिकलेल्या भाषेत सांगितलं होतं, “होते मॅडम. सकाळी सातला निजतो, चारला उठतो. फोन बंद ठेवतो. नाहीतर रात्री पत्ते दोन-दोन दिसतात.”

मी तिथे जाऊन आले. दुपारचे दोन वाजले होते. पत्र्याच्या एका खोलीत सहा जणी जमिनीवर गाद्या टाकून गाढ झोपल्या होत्या, दाराच्या उंबऱ्याला चार बोटांचीही उंची नव्हती. दिलमाया भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिला उठवावंसं मला वाटलं नाही. कमरेइतकं पाणी उभ्या माणसाच्या कमरेइतकं असतं. जमिनीवर निजलेल्याला ते केवढं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

संध्याकाळी मी ईशानीला मळ्यात बोलावून घेतलं.

“तुमच्या त्या यंत्राचा प्रस्ताव कोण मान्य करतं?”

“ड्यूटीवरचा अधिकारी. कायद्याने माणसाची मान्यता लागते. दहा मिनिटांत बटण दाबायचं.”

“नाही दाबलं तर?”

“तर कुठल्याच एका भागावर पाणी सोडता येत नाही. ते सगळीकडे सारखं पसरतं. तशी तरतूद आहे. पण चार वर्षांत कोणी...” ती थांबली. “आई, पुनवेला ड्यूटी माझी आहे.”

“ठाऊक आहे मला.”

“सगळीकडे म्हणजे कुठे, कळतंय तुला? अठरा जून रस्ता, बाजार, हॉटेलं, मंडळाची इमारत. सगळ्यांच्या गाड्या. माझी नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित.”

“मी हे तुझ्यासाठी केलं! तुझं घर वाचावं म्हणून नियम मोडला मी!” ती रडायला लागली होती. “आणि तू मलाच...”

“माझं घर वाचवलंस आणि त्या पोरींच्या अंगावर पाणी घातलंस. मीही घातलं, तुझ्याबरोबर चालून. मला नको असलं वाचणं.” माझाही आवाज चढला होता. “उद्यापासून मी दुपारी निजणार. मळ्यातली नीज कोणाच्या बापाची चोरी नाही.”

ती न जेवता गेली. लग्नानंतर पहिल्यांदा.

चालणं थांबवू आणि पुनवेची दुपार मंडळाच्या इमारतीत निजून काढू, असं गल्लीत मी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं समजू नका. निम्म्यांनी मला वेड्यात काढलं. पुनवेपर्यंत चालत राहिलं तर घरं वाचतायत, आणि ही बाई पुळका आणते आहे. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, घर जात असलं की माणूस तसंच बोलतं. शेवटी आवेलिनबाब उठले. “हांव चाळीस वर्सां फेरी चलयलां. बुडटा तेन्ना कोणाक पयलीं उदकांत उडोवप, असो प्रस्न हांवें केन्नाच विचारूंक ना,” म्हणाले आणि चटई आणायला घरी गेले. त्यांच्या मागून चाळीसेक माणसं आली. बाकीची आली नाहीत.

पुनवेच्या दिवशी सकाळपासून पाऊस नुसता ओतत होता. लोकांनी दर्याला नारळ वाहिले ते छत्र्या सांभाळत. आम्ही बांदावर जाऊन दारं ठोठावली, पोरींना उठवलं आणि साडेबाराला सगळे मिळून खाडीपलीकडच्या पाट्टो भागातल्या मंडळाच्या इमारतीत पोहोचलो. तळमजल्यावर लोकांसाठी मोठं दालन आहे. कायद्याप्रमाणे तिथे भिंतीवर कानाचा नकाशा दाखवावा लागतो. वरच्या मजल्यावर काचेमागे ईशानी बसलेली दिसत होती. तिने मला पाहिलं, पण खूण केली नाही.

आम्ही चटया अंथरल्या. पहारेकरी धावत आला.

“इथे झोपायला परवानगी नाही.”

“बसायला आहे ना?” मी विचारलं. “आम्ही आडवे बसलोय.”

तो बिचारा कोणाला तरी विचारायला गेला. दिलमाया माझ्या शेजारी आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली, रात्रभर उभी राहिलेली पोर ती. एकेक करत सगळे शांत झाले. बाहेर पाऊस पडत होता, आत फक्त श्वास ऐकू येत होते. मी भिंतीकडे पाहिलं. नकाशावर आमचं दालन लाल होतं, मग पिवळं झालं, आणि मग तिथे अक्षरं उमटली: ‘जनदालन – रिकामे’. साठ माणसांवर दिवे जळत होते आणि यंत्र सांगत होतं, इथे कोणी नाही.

काचेमागे ईशानी उभी राहिली. ती एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा खाली आमच्याकडे. राजाध्यक्षही तिच्या मागे येऊन उभे होते.

बारा पन्नासला प्रस्ताव आला. आमची निम्मी गल्ली इथे होती, आणि उरलेल्यांनीही मागचे दोन दिवस पायांना आराम दिला असावा, कारण नकाशावर मळा पुन्हा राखाडी झाला होता. चालण्याने चढलेली सरासरी उतरायला दोन दिवस पुरले. ‘पाणी: मळा’. खाली आकडे उलटे धावायला लागले. दहा मिनिटं. माझं घर, सासऱ्यांचं दुकान, नवऱ्याच्या हातचे लाकडी खण, सगळं त्या दहा मिनिटांत होतं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. उठावं, वर जावं, लेकीच्या पाया पडावं, एवढंही मनात आलं. नऊ मिनिटं. राजाध्यक्ष वाकून तिला काहीतरी सांगत होते. सात.

मग मला वाटलं, तिला जे ठरवायचं ते तिने माझ्या तोंडाकडे न बघता ठरवावं. मी कुशीवर वळले, पदर डोळ्यांवर घेतला. आणि सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण दहा दिवसांची झोप साठली होती, मी झोपले.

जाग आली ती पाठीला गार लागलं म्हणून. चटई ओली झाली होती. हात टेकला तर पंज्यावर पाणी आलं, मातकट, खारट वासाचं. दालनाच्या काचेच्या दारांखालून ते सावकाश आत येत होतं, मंडळाच्या संगमरवरी फरशीवर, खुर्च्यांच्या पायांभोवती. दिलमाया उठून बसली होती आणि केसांतलं पाणी पिळत होती. मी नकाशाकडे पाहिलं. सगळी पणजी एकाच फिकट निळ्या रंगाची होती, मळा, बांद, बाजार, हॉटेलं, पाट्टो. कुठेही गडद ठिपका नव्हता.

ईशानी जिन्यावरून खाली येत होती. शेवटच्या पायरीवर तिने बूट काढून हातात घेतले आणि पाण्यात उतरली. माझ्यापाशी येऊन उकिडवी बसली. 

“नाही दाबलं,” ती म्हणाली.

मी तिचा गाल धरला. 

मागून राजाध्यक्ष आले. ते जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच थांबले, खाली पाण्याकडे बघत. “वेड लागलंय का तुम्हाला सगळ्यांना? अख्ख्या शहरात पाणी शिरलंय! खाली माझी गाडी आहे! याची चौकशी होणार, लोटलीकर, तुमची आणि या लोकांची. चला, उठा! इमारत रिकामी करा!”

“रिकामीच आहे,” ईशानी उभी राहत म्हणाली. “तुमच्या पडद्यावर तसं लिहिलंय सर. गेले तीन तास लिहिलंय. चौकशीत मी तेच दाखवणार.”

कोणीच उठलं नाही. राजाध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पाण्यात पाय टाकावा की नाही ते त्यांना ठरवता येईना. आवेलिनबाबांनी एक डोळा उघडला. घोट्याइतक्या पाण्यात, भिजलेल्या चटईवर ते आरामात पसरले होते.

“साहेब, चाराक अजून वीस मिनटां आसात,” ते म्हणाले आणि सरकून त्यांनी चटईवर शेजारी जागा केली. “पँट मात्शी वयर ओडात आनी येयात. जागो आसा.”